पाच वर्षांची खुर्ची आणि त्याआधीचा अभ्यास

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात प्राचार्य व्हायचं तर काय असावं लागतं, याचं उत्तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आहे. पीएच.डी. हवी. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदापर्यंत पोहोचलेलं असायला हवं. अध्यापन-संशोधनाचा किमान १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० चा संशोधन गुणांक हवा. नेमणूक पाच वर्षांसाठी होते. कामाचं मूल्यमापन समाधानकारक ठरलं, तर आणखी पाच वर्षांची एक मुदत मिळू शकते.

या अटी विद्वत्तेच्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण पदभार घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर येणारे कागद वेगळेच असतात. बिंदुनामावलीची तपासणी, सेवार्थ प्रणालीतली वेतन देयकं, महाडीबीटीवर अडकलेल्या शिष्यवृत्त्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या मान्यता, एखाद्या सहकाऱ्याच्या बढतीची (कॅसची) फाईल, नॅक या मूल्यांकन परिषदेसाठीचा वार्षिक अहवाल. वीस वर्षं वनस्पतिशास्त्र किंवा मराठी साहित्य मन लावून शिकवलेल्या माणसाला यातलं काही कुणी कधी शिकवलेलं नसतं. उच्च शिक्षणाच्या प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यास ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. तो कसा चालतो आणि त्यातून नेतृत्वाची कौशल्यं कशी अंगी येतात, हे रत्नागिरी जिल्ह्यातलं एखादं महाविद्यालय डोळ्यासमोर ठेवून सावकाश पाहू.

रत्नागिरीकराला इथे एक आक्षेप सुचेल आणि तो रास्त आहे. या जिल्ह्याने शिक्षणसंस्था उभारणारी आणि चालवणारी केवढी माणसं दिली, ती असा कुठलाही अभ्यासक्रम न करता! दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतात महिला विद्यापीठ सुरू केलं. त्यांच्याच नात्यातले, मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतले आणि १९०२ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांना कुणी प्रशासन शिकवलं होतं?

कुणीच नाही. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी आजच्या प्राचार्याकडे नाही, ती म्हणजे वेळ. १९२१ मध्ये मुंबई प्रांताचे मंत्री होईपर्यंत परांजपे सुमारे दोन दशकं फर्ग्युसनची धुरा सांभाळत होते. काम करता करता शिकायला, एखादा निर्णय फसला तर तो पाहून पुढचा सुधारायला एवढा काळ पुरेसा आहे. आज मुदत पाच वर्षांची. पहिलं वर्ष फायली ओळखण्यात जातं, मधली दोन वर्षं नॅक आणि नव्या अभ्यासक्रमांच्या तयारीत जातात आणि हात बसू लागतो तोवर मुदत संपत आलेली असते. चुकतमाकत शिकण्याची चैन आता परवडणारी नाही, आणि त्या चुकांची किंमत विद्यार्थी मोजतात. म्हणून हे शिक्षण खुर्चीत बसण्याआधी व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. कर्व्यांचं उदाहरणही अभ्यासाच्या बाजूनेच बोलतं. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते परदेशातल्या शिक्षण परिषदांना निघाले होते. इतरांच्या संस्था कशा चालतात हे पाहण्याची गरज त्यांना त्या वयातही वाटत होती.

संस्था चालवणं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ले हॉल यांनी १८९३ मध्ये उच्च शिक्षणावर शिकवायला सुरुवात केली, तिथून या विषयाचा इतिहास मोजतात. आज तिथल्या अनेक विद्यापीठांत याची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. तिचं वैशिष्ट्य असं की विद्यार्थी दिवसाचा काही भाग वर्गात असतो आणि काही भाग प्रवेश कार्यालयात, वसतिगृहात किंवा अधिष्ठात्यांच्या हाताखाली काम करतो.

आपल्याकडे या विषयाचं सर्वांत मोठं केंद्र म्हणजे दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था, अर्थात नीपा. १९६२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आशियाई केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात या विचाराचे मोठे पाईक म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते. १९४८ मध्ये मुंबईत त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन स्थापन केली, ती पुढे पुण्यात आली. शिक्षणाचं प्रशासन खेड्यातल्या शाळेपासून आयोगाच्या टेबलापर्यंत हाताळलेला एवढा मोठा माणूस आपल्याकडे होऊन गेला आणि आपल्या महाविद्यालयांत त्याचं नाव क्वचितच ऐकू येतं, याची खंत वाटते.

‘उच्च शिक्षण प्रशासन’ अशी पाटी लावलेली पदवी आपल्याकडे शोधायला गेलं तर सहसा हाती लागत नाही. हा विषय इतर नावांखाली शिकवला जातो. इग्नूमध्ये उच्च शिक्षणाची पदव्युत्तर पदविका आहे, तसंच शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदविका आहे. कर्व्यांच्या विद्यापीठात, म्हणजे एसएनडीटीच्या जुहू परिसरात, शिक्षण व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एम.ए. शिक्षणशास्त्र मराठीतून करता येतं. एम.एड.मध्येही प्रशासनाचा अभ्यास असतोच. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, तेव्हा त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे येऊ. समजा, रत्नागिरी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात अठरा वर्षं इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिका आहेत. विभागप्रमुख आहेत, काही काळ आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम पाहिलेलं आहे. पुढेमागे उपप्राचार्य किंवा प्राचार्यपद येईल असं सहकारी म्हणतात. त्यांनी अशा एका अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. नोकरी चालू आहे, अभ्यास रात्री आणि रविवारी. सोबत त्यांनी महाविद्यालयातला एक साधा प्रश्न घेतला आहे. प्रथम वर्ष कला शाखेचा सकाळी साडेसातचा तास पावसाळ्यात रिकामा असतो. शिक्षक-कक्षात याचं ठरलेलं उत्तर आहे, की आजकालच्या मुलांना शिकायचंच नाही.

पहिल्या सत्रात त्यांना वाचावं लागतं ते संस्था म्हणजे काय याबद्दल. कार्ल वाइक या अभ्यासकाने १९७६ मध्ये मांडलं, की शिक्षणसंस्थांमधले भाग एकमेकांशी सैल जोडलेले असतात. गिरणीत एक पट्टा तुटला की पुढचं सगळं थांबतं. महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं नीट होत नसली, तरी मराठी विभागाला वर्षभर त्याची कुणकुण लागत नाही. याचे फायदे आहेत. एक विभाग ढासळला तरी दुसरा टिकून राहतो, एखाद्या शिक्षकाला आपल्या वर्गात नवं काही करून पाहता येतं. पण वरून काढलेलं परिपत्रक खाली वर्गापर्यंत पोहोचेलच, असं इथे गृहीत धरता येत नाही. नव्या प्राचार्यांचा पहिला भ्रमनिरास बहुधा इथेच होतो. सूचनाफलकावर कागद लागला, सर्वांनी सह्या केल्या आणि काहीही बदललं नाही. हे लोकांच्या आळशीपणामुळे होतं असं मानणारा माणूस चिडतो. रचनेमुळे होतं हे कळलेला माणूस परिपत्रकाआधी चार विभागप्रमुखांशी बोलतो.

त्याच सत्रात रॉबर्ट बर्नबॉम यांचं १९८८ चं पुस्तक येतं. महाविद्यालयं प्रत्यक्षात कशी चालतात हाच त्याचा विषय. एकच महाविद्यालय एकाच वेळी चार प्रकारचं असतं, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल. ते समान दर्जाच्या सहकाऱ्यांचा समुदाय असतं, नियमांनी चालणारं कार्यालय असतं, वेगवेगळ्या हितसंबंधांचं राजकारण असतं आणि ज्यात कोणता प्रश्न कधी, कुणासमोर, कशाला जोडून येईल याचा नेम नाही असा गोंधळही असतं. अभ्यासाचं काम म्हणून मॅडमना आपला साडेसातचा तास या चारही अंगांनी लिहून काढायचा आहे.

लिहायला बसल्यावर दिसतं ते असं. सहकारी म्हणून पाहिलं तर पहिला तास घेणारे शिक्षक स्वतःच वैतागलेले आहेत, पण तास रिकामा जातो हे उघड बोलायला संकोचतात. कार्यालय म्हणून पाहिलं तर शिक्षकाने आठवड्याला ४० तास आणि रोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असण्याचा नियम आहे, त्यामुळे वेळ पुढे सरकवली की अनेकांचं दिवसाचं गणित बदलतं. राजकारण म्हणून पाहिलं तर दुपारी त्याच खोल्यांत विनाअनुदानित वर्ग भरतात आणि त्यांच्या वेळेला धक्का लावायला कुणी तयार नाही. आणि गोंधळ म्हणून पाहिलं तर हा विषय मागच्या दोन बैठकांत निघाला होता. एकदा स्नेहसंमेलनाच्या तारखेत वाहून गेला, एकदा पार्किंगच्या वादात. चार पानं लिहून झाल्यावर समस्या मुलांच्या आळसाची उरत नाही. नेतृत्वाचं पहिलं कौशल्य इथे घडतं, ते म्हणजे दोष माणसात शोधण्याआधी व्यवस्थेत शोधणं. ते व्याख्यान ऐकून येत नाही. आपल्याच महाविद्यालयावर चार पानं लिहून येतं.

पुढच्या सत्रात माहिती गोळा करणं आणि वाचणं येतं. सांख्यिकीचा धसका कला शाखेच्या माणसांना असतो, पण इथे लागणारं गणित फार अवघड नसतं. मॅडम हजेरीपटाला एक रकाना जोडतात, गावाचा. समजा, वर्गात ७२ मुलं आहेत आणि जुलैतल्या एका सकाळी ४१ हजर आहेत. एवढ्यावर सरासरी काढली तर हाती येतं ५७ टक्के, आणि त्यातून काहीच कळत नाही. आता तेच आकडे वाटेप्रमाणे मांडून पाहा. शहरात राहणाऱ्या २४ पैकी २१ हजर. हातखंबा-पालीकडून येणाऱ्या २० पैकी १४ हजर. जयगड-मालगुंडच्या बाजूने येणाऱ्या २८ पैकी ६ हजर. वर्ग रिकामा नाही, एक रस्ता रिकामा आहे. त्या रस्त्यावरची पहिली एसटी पावसात साडेसातच्या आत पोहोचत नाही, आणि पुढची येते तोवर दुसरा तास सुरू झालेला असतो.

हे कळल्यावर उपायांची जातच बदलते. हजेरीसाठी पालकांना पत्रं पाठवण्याऐवजी आगार व्यवस्थापकांना भेटायचं, मुलांच्या संख्येचा तक्ता हातात घेऊन. तिथे जमलं नाही तर पहिल्या तासाला सक्तीचा विषय न ठेवता निवडीचा विषय ठेवायचा. किंवा जून ते सप्टेंबरपुरतं वेगळं वेळापत्रक करायचं. गणपतीच्या सुट्टीमुळे कोकणातलं पहिलं सत्र नाहीतरी वेगळंच आखावं लागतं. महाविद्यालयांकडे आकडे भरपूर असतात, ते वरच्या कार्यालयांना पाठवण्यासाठी जमवलेले असतात. तेच आकडे स्वतःसाठी वाचायला शिकणं हा या अभ्यासाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

मग कायदा. हा भाग रुक्ष मानला जातो आणि बरेच जण तो पाठ करून उरकतात. तसं करू नये, कारण आपल्या हातात नेमकं काय आहे हे इथेच कळतं. बर्टन क्लार्क यांनी १९८३ मध्ये उच्च शिक्षणाचा एक त्रिकोण मांडला होता. शासन, बाजार आणि विद्वानांचा वर्ग या तीन शक्तींच्या ओढाताणीत प्रत्येक देशाची विद्यापीठं उभी असतात, असा त्याचा अर्थ. रत्नागिरीतल्या अनुदानित महाविद्यालयाचा त्रिकोण थोडा वेगळा आहे. पगार आणि पदमान्यता शासनाकडून, म्हणजे पनवेलच्या विभागीय सहसंचालक कार्यालयामार्फत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि संलग्नता मुंबई विद्यापीठाकडून. इमारत, विनाअनुदानित तुकड्या आणि रोजचा जिव्हाळा-दबाव स्थानिक संस्थेकडून. मुंबई साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. रत्नागिरीत विद्यापीठाचं उपकेंद्र असलं, तरी कित्येक निर्णय मुंबईतच होतात. या तिघांपैकी कुणाकडे कोणता प्रश्न न्यायचा हे माहीत नसलेल्या माणसाचे महिने फुकट जातात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती तिची अध्यक्ष. संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, निवडून आलेले तीन शिक्षक आणि त्यांत किमान एक महिला, एक शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण-उद्योग-संशोधन-समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी, आयक्यूएसीचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. आणि प्राचार्य? प्राचार्य सदस्य-सचिव.

या एका शब्दापाशी मॅडमनी थांबायला हवं. महाविद्यालयाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय जिथे होतो, तिथे प्राचार्य अध्यक्षस्थानी नाहीत. त्यांच्याकडे हुकूम नाही, पण कार्यसूची आहे. कोणता विषय येणार, कोणत्या क्रमाने येणार, त्यासोबत कोणती टिपणी जोडलेली असणार आणि झालेला निर्णय इतिवृत्तात कोणत्या शब्दांत नोंदला जाणार, हे सगळं सदस्य-सचिवाच्या लेखणीतून जातं. चांगल्या अभ्यासक्रमात यावर लुटुपुटीच्या बैठका घेतात. कुणी संस्थेचे सचिव होतं, कुणी कर्मचारी प्रतिनिधी, कुणी विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष. साडेसातच्या तासाचा विषय ‘वेळापत्रकाबाबत विचार करणे’ अशा शब्दांत ठेवला तर काय होतं आणि ‘जून ते सप्टेंबर पहिला तास सव्वाआठला सुरू करण्यास मान्यता देणे, सोबत मार्गनिहाय हजेरीचा तक्ता’ असा ठेवला तर काय होतं, हे करून पाहतात. पहिल्या विषयावर तासभर चर्चा होते आणि निर्णय पुढे जातो. दुसऱ्यावर हो किंवा नाही म्हणावं लागतं. पुढच्या बैठकीत मागच्या इतिवृत्तावरचा कार्यवाही अहवाल ठेवायचा, हे तर इतकं साधं आहे, पण ते नेमाने करणारी महाविद्यालयं वेगळी ओळखू येतात.

पैशाचा भाग शिकताना बहुतेकांना वाटतं की हे काम लेखापालाचं. पण कुठली तुकडी चालवायची आणि कुठली बंद करायची हा शैक्षणिक निर्णय आहे आणि तो आकड्यांशिवाय घेता येत नाही. समजा, एका विनाअनुदानित अभ्यासक्रमाच्या वर्गात ६० जागा आहेत, भरल्या ३८. प्रत्येकाचं शुल्क २५,००० रुपये, म्हणजे जमा ९,५०,०००. दोन शिक्षकांना महिना ३०,००० प्रमाणे वर्षाचे ७,२०,००० आणि प्रयोगशाळा साहाय्यकाला महिना १२,००० प्रमाणे १,४४,०००. पगारावर एकूण ८,६४,०००. उरतात ८६,०००, त्यात संगणकांची दुरुस्ती, इंटरनेट, संलग्नता शुल्क. आता २५,००० ने ८,६४,००० ला भागा. पस्तिसाव्या विद्यार्थ्यापर्यंत नुसते पगार निघतात. पुढच्या वर्षी दहा मुलं कमी झाली तर १,६४,००० ची तूट. उलट आणखी बावीस आली तर खर्च जवळजवळ तेवढाच राहतो.

इतकं कागदावर मांडलं की चर्चेचा सूर बदलतो. ‘मुलं का येत नाहीत’ या हळहळीच्या जागी नेमका प्रश्न येतो, की पस्तीसच्या खाली जाण्याचा धोका कुठल्या वर्षी आहे आणि त्याआधी काय करायचं. बारावीनंतर मुंबई-पुण्याकडे निघणाऱ्या मुलांचा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात असाच दडलेला असतो. आणि कधी उत्तर असंही येतं, की ही तुकडी तोट्यात आहे तरी चालवायची, कारण तालुक्यातल्या मुलींना दुसरीकडे जाणं शक्य नाही. तो निर्णय मला पूर्ण मान्य आहे. फक्त तूट किती आणि ती कुठून भरायची हे ठाऊक असताना तो घेतलेला असावा.

माणसांशी वागण्याचा भाग पुस्तकात सर्वांत सोपा वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत कठीण असतो. छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ज्यांनी आपल्याला शिकवलं ते सर अजून विभागात असतात, त्यांना उशिरा येण्याबद्दल विचारायचं असतं. लिपिक शेजारच्या आळीतला असतो. अशा वेळी अभ्यासक्रमात शिकलेली एक पद्धत फार उपयोगी पडते. तक्रार आली की आधी ती लेखी घ्यायची, समोरच्याला तिची प्रत द्यायची, त्याची बाजू ऐकायची आणि मगच कारणांसह निर्णय द्यायचा. नैसर्गिक न्यायाचं हे तत्त्व विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणापुढे टिकण्यासाठी लागतंच, पण गावात नातं टिकण्यासाठीही लागतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. तिथे प्राचार्यांनी आपसात मिटवायला जाऊ नये, समितीला तिचं काम करू द्यावं, हे शिकणं तितकंच गरजेचं आहे.

नॅकबद्दल इथे थोडक्यात. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेने आपल्या सात निकषांत सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा ठेवला. त्यासाठी पुरावे गोळा करणं हे आपल्याकडे वर्षाअखेरीचं ओझं होऊन बसलं आहे. वर सांगितलेली हजेरी, इतिवृत्तं आणि अंदाजपत्रकं नेमाने होत असतील तर हे पुरावे आपोआप जमतात.

स्वायत्ततेचा विषय मात्र मोठा आहे. १९४५ मध्ये रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेलं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आज स्वायत्त आहे. स्वायत्त म्हणजे पदवी मुंबई विद्यापीठाचीच, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा आपल्या. त्यासाठी नियामक मंडळ, विद्या परिषद, अभ्यास मंडळं आणि वित्त समिती लागतात, परीक्षा नियंत्रक लागतो. म्हणजे जे काम आजवर मुंबईत होत होतं ते रत्नागिरीत करायचं आणि करणारी माणसं तीच, काल फक्त शिकवणारी. एका प्राचार्याने नेतृत्व शिकून इथे भागत नाही. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षाला क्रेडिटचं गणित यावं लागतं, परीक्षा विभागातल्या शिक्षकाला गोपनीयतेची शिस्त लागते, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणासाठी मुलांना स्थानिक बँकेत, आंबा प्रक्रिया उद्योगात किंवा ग्रंथालयात पाठवायचं तर त्या लोकांशी करार करणारं कुणी लागतं. जिल्ह्यातल्या देवरुख, चिपळूण, दापोली, खेडच्या महाविद्यालयांनी दोन-तीन वर्षांनी एकेका शिक्षकाला या अभ्यासासाठी पाठवलं, तर दहा वर्षांत जिल्ह्याकडे अशी माणसं पुरेशी होतील. त्यासाठी संस्थांनी शुल्काचा काही वाटा उचलावा आणि परीक्षेच्या काळात रजा द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

शेवटच्या सत्रात प्रकल्प किंवा प्रबंध असतो. इथे एक मोह असतो. ‘महाराष्ट्रातील प्राचार्यांच्या नेतृत्वशैलीचा अभ्यास’ असा विषय घ्यायचा, प्रश्नावली पाठवायची, पाच पर्यायांवर खुणा करून घ्यायच्या, तक्ते करायचे. असे प्रबंध ग्रंथालयात पुष्कळ आहेत आणि ते पुन्हा कुणी उघडत नाही. मॅडमनी आपल्याच महाविद्यालयातला एक प्रश्न घ्यावा, तो सोडवायचा प्रयत्न करावा आणि काय जमलं, काय जमलं नाही ते लिहावं. मार्गदर्शक निवडताना तो असा विषय मान्य करेल का, हे आधीच विचारावं. प्रवेश घेण्यापूर्वीही दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी महाविद्यालय किंवा विभाग चालवला आहे का? आणि स्वाध्यायात स्वतःच्या संस्थेवर लिहायला सांगतात का, की पाठ्यपुस्तकातली उत्तरं चालतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक नसेल तर तो अभ्यासक्रम बढतीच्या फाईलला उपयोगी पडेल, खुर्चीत बसल्यावर नाही.

ज्यांना पदवी शक्य नाही त्यांच्यासाठी आठवड्या-दोन आठवड्यांची प्रशिक्षणं आहेत. पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रं आता मालवीय मिशनच्या नावाने शिक्षकांसाठी असे वर्ग घेतात. नीपाही प्राचार्यांसाठी कार्यशाळा घेते. ओळख म्हणून ती चांगली आहेत. पण एखादा प्रश्न दोन वर्षं मागे लागून सोडवण्याची सवय त्यात लागणं कठीण.

मॅडमच्या प्रकल्पासाठी मला सुचणारा विषय पदभाराच्या हस्तांतरणाचा आहे. मुदत पाच वर्षांचीच असेल तर दर पाच वर्षांनी महाविद्यालयाची स्मृती कोरी होता कामा नये. मावळत्या प्राचार्यांकडून नव्यांकडे आज किल्ल्या, शिक्के आणि नोंदवह्यांची यादी जाते. त्यासोबत एक टिपणवही जावी. पनवेलला कोणती प्रकरणं प्रलंबित आहेत आणि प्रत्येकाचं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं, कोणत्या पदांची बिंदुनामावली तपासून झाली, कोणत्या तुकडीला किती विद्यार्थ्यांखाली तूट येते, विकास समितीचे कोणते निर्णय अजून अमलात आलेले नाहीत, कोणत्या मार्गावरची मुलं पावसात उशिरा येतात, कुठल्या उद्योगाशी प्रशिक्षणाचा करार केव्हा संपतो. ही वही दर जून आणि डिसेंबरमध्ये अद्ययावत करायची. एक प्रत उपप्राचार्यांकडे आणि एक कार्यालयीन अधीक्षकांकडे ठेवायची.